लाल पेनाची सही

मारेगावात दहावीचा इंग्रजीचा पेपर जवळ आला की दोन गोष्टी ठरलेल्या. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी आणि नंदकिशोर सरांच्या ओसरीत सात दिवसांची उजळणी. काळ कसे ओळखायचे, कर्त्याप्रमाणे क्रियापद कसं बदलायचं, प्रश्न कसा करायचा, नकार कसा द्यायचा, असं पाचवीपासून पोरांच्या कानांवरून गेलेलं सगळं व्याकरण सर त्या सात दिवसांत पुन्हा दळून काढत. सातव्या दिवशी संध्याकाळी पोरं व्याकरणाची वही घेऊन रांगेत उभी राहत आणि सर प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर लाल पेनानं सही करत. ही सही मिळाली की इंग्रजी सुटलं, असा गावाचा समज. पेपर झाला की पोरं केंद्रावरून थेट सरांकडे येत आणि वही ओसरीत टाकून जात, कारण सही झालेली वही घरी नेली तर पेपर पुन्हा द्यावा लागतो, हाही गावाचाच समज. कधीकाळी कोणीतरी नेली होती म्हणे आणि तो चार वेळा बसला. तेव्हापासून कोणाची हिंमत झाली नाही.

सव्वीस वर्षं हे चाललं होतं. सर अशा समजुतींना तोंडावर हसत आणि मनातून खूश होत. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं तरी त्यांचा रुबाब उतरला नव्हता. बँकेत, तहसीलमध्ये, औषधाच्या दुकानात कोणी ना कोणी उठून खुर्ची देई आणि सही अजून आठवते म्हणून सांगे. तालुक्यात इंग्रजी आपल्याला येतं, बाकीच्यांना वाटतं की येतं, हे सरांचं ठाम मत होतं आणि ते लपवून ठेवण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही.

जानेवारीत सर गच्चीवरच्या टाकीत पाणी का चढत नाही ते पाहायला गेले. प्लंबरला बोलावू, असं पद्मजाबाई म्हणत होत्या. सरांना प्लंबरपेक्षा आपल्याला जास्त समजतं असं वाटलं. उतरताना शेवटून तिसरी पायरी हुकली आणि उजव्या पायाचं हाड मोडलं. वणीला नेलं, गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे पलंग सोडायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं.

ओसरीत वर्षभराच्या शिकवणीची एकोणीस पोरं होती. त्यांना घरी पाठवायचं तर वर्ष बुडालं. तेव्हा पद्मजाबाई म्हणाल्या की मी बसते. सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्या आता गच्चीवरची टाकी दुरुस्त करायला निघाल्या आहेत. पद्मजाबाई फुलसावंगीच्या, पोस्टमास्तरांच्या कन्या, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या. लग्नानंतर हौसेनं सरांनी त्यांना इंग्रजी शिकवायला घेतलं होतं. चार-पाच दिवसांत सोडून दिलं. हिला ते जमणारं नाही, असा निकाल सरांनी तेव्हा दिला होता आणि अठ्ठावीस वर्षांत त्यावर कोणी अपील केलं नव्हतं. पण दुसरा उपाय नव्हता. माझी वही घे, तीतलं वाचून दाखव, स्वतःच्या मनाचं एक अक्षर घालू नकोस, एवढं सांगून सरांनी परवानगी दिली.

दोन दिवस त्यांनी वही वाचून दाखवली. पलंग आतल्या खोलीत भिंतीला लागून होता आणि भिंतीपलीकडे ओसरी. सर डोळे मिटून आपलीच वाक्यं ऐकत पडत आणि किती छान लिहिलं आहे आपण, असं त्यांना वाटे. तिसऱ्या दिवशी वही वाचल्याचा आवाज थांबला. मग ओसरीतून एकदम एकोणीस पोरं हसली.

सरांनी डोळे उघडले. सव्वीस वर्षांत त्यांच्या वर्गात कोणी हसलं नव्हतं. एकदा एक पोरगा शिंकला होता, त्यालाही सरांनी बाहेर उभं केलं होतं. व्याकरणात हसण्यासारखं काय असतं?

मग रोजच हसू येऊ लागलं. पद्मजाबाई काय सांगत ते तुकड्यातुकड्यानं ऐकू येई. एकदा त्या पोरांना म्हणाल्या, "तुम्ही घरी कसं म्हणता? मी जेवून राह्यलो. माय कापूस वेचून राह्यली. मंग इंग्रजीतही तेच आहे रे. राह्यलो आलं की ॲम, राह्यली आलं की इज, अन् कामाले आयएनजी." ऋतिक नावाच्या पोरानं इतक्या मोठ्यानं "अरे हाव ना!" म्हटलं की सरांचा दुखरा पाय पलंगावरच हलला. हा ऋतिक सरांकडे सहा महिने येत होता आणि तोंडातून शब्द काढत नव्हता.

सरांना काय झालं ते सरळच सांगायला हवं. त्यांच्या पोटात दुखलं. सव्वीस वर्षं ते पोरांच्या तोंडचं 'करून राह्यलो' आधी 'करत आहे' करून घेत आणि मग त्याचं इंग्रजी करून घेत. पोरं पहिल्याच पायरीवर दमून जात. ही बाई त्यांना सरळ घरातून उचलून पलीकडे ठेवत होती. आणि हे आपल्याला कधी सुचलं नाही, ही गोष्ट सरांना पायाच्या हाडापेक्षा जास्त ठणकू लागली. त्या दिवशी जेवताना भाजीत मीठ नाही म्हणून त्यांनी ताट सरकवलं. मीठ होतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर प्लास्टर निघालं. एकोणीस पोरांची तोवर चाळीसच्या वर झाली होती. झरी जामणीकडची वैष्णवी नावाची पोरगी तर मावशीकडे राहायला येऊन वर्गाला बसू लागली होती. वॉकर धरून सर चार पावलं चालले आणि लगेच जाहीर केलं की उद्यापासून वर्ग मी घेणार. पद्मजाबाईंनी होकार दिला आणि खुर्चीवर उशी टाकून ठेवली. ती उशीसुद्धा सरांना खुपली.

दुसऱ्या दिवशी सर खुर्चीत बसले, अपूर्ण वर्तमानकाळाची व्याख्या सांगितली आणि लिहून घ्या म्हणाले. ऋतिकनं हात वर करून विचारलं की म्हणजे करून राह्यलो ना सर? ती भाषा नव्हे, असं सरांनी त्याला तिथल्या तिथे ऐकवलं. ऋतिक खाली बसला. चाळीस पोरं मुकाट लिहू लागली. ओसरी पूर्वीसारखीच झाली, सरांना हवी होती तशी शांत, आणि त्या शांततेत पोरं एकेक करून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहू लागली. शेवटी ऋतिकनंच हळूच विचारलं, "सर, मॅडम नाई येऊन राह्यल्या का आज?"

सरांनी पाय दुखतो म्हणून अर्ध्या तासात वर्ग सोडला. पाय दुखतच होता, पण वर्ग त्यासाठी सोडला नव्हता. परत पलंगावर पडून त्यांनी पद्मजाबाईंना सांगितलं की पेपर होईपर्यंत तूच घे. मोठ्या मनानं सांगितल्यासारखं सांगितलं. मन अजिबात मोठं नव्हतं. सात दिवसांची उजळणी तोंडावर आली होती आणि सातव्या दिवशी सह्या होत्या. वर्ग तिनं घेतला तर सही कोणाची, हा एकच प्रश्न सरांच्या डोक्यात घोळत होता. बायकोच्या सहीसाठी पोरं रांगेत उभी आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की ते कूस बदलत.

उजळणीच्या पहिल्याच दिवशी त्यांना मार्ग सापडला. भिंतीपलीकडून पद्मजाबाईंचा आवाज आला, अगदी ठणठणीत: येस्टरडे आय गो टू मार्केट. सर ताडकन उठून बसले. थोड्या वेळानं दुसरं वाक्य: माय फादर आर अ फार्मर. मग तिसरं, मग चौथं, सगळी चुकीची. पोरांचा आवाज नाही, फक्त पेनांची खरखर. म्हणजे पोरं हे लिहून घेत आहेत. आणि मग हसू. सरांना तिच्या चुकांची शिसारी यायला हवी होती, पोरांची काळजी वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. प्लास्टर घातल्यापासून त्यांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी पद्मजाबाईंकडून एक शंभर पानी वही मागवली. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही, भाजी आणायला गेल्या तेव्हा घेऊन आल्या. त्या वहीत सर रोज भिंतीला कान लावून बायकोच्या चुका लाल पेनानं उतरवू लागले. वाक्य, दिनांक, चूक कोणत्या प्रकारची ते आणि पुढे बरोबर उत्तर. चार दिवसांत एक्केचाळीस भरल्या. रोज दुपारी त्या जेवायला वाढत तेव्हा ती वही उशीखाली असे आणि सर आवडीनं जेवत. भाजीचं कौतुकही करत. इतकं कौतुक पद्मजाबाईंनी अठ्ठावीस वर्षांत ऐकलं नव्हतं, त्यांनी एकदा ताप तर नाही ना म्हणून कपाळाला हातही लावून पाहिला.

पाचव्या दिवशी सकाळी सरांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि वर्ग सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर वॉकर टेकत ओसरीत आले. पोरं उठून उभी राहिली. सरांनी बसा म्हटलं. आपल्याला फार वाईट वाटतं आहे, पण पेपर तुमचा आहे, तुमचं नुकसान उघड्या डोळ्यांनी पाहवत नाही, अशी सुरुवात करून त्यांनी वही उघडली आणि एकेक चूक वाचायला घेतली. पद्मजाबाई फळ्याजवळ खडू धरून उभ्या होत्या.

नवव्या चुकीपर्यंत सरांच्या लक्षात आलं की कोणी दचकत नाही. बाराव्या वाक्याचा अर्धा भाग त्यांनी वाचला आणि उरलेला ऋतिकनं पुरा केला. दोघी-तिघी तोंडावर ओढणी धरून हसल्या. सरांनी आवाज चढवून विचारलं की यात हसण्यासारखं काय आहे.

वैष्णवी उभी राहिली. ही पोरगी फार कमी बोले. "सर, ह्या चुका मॅडमच्या नाईत. वह्यांतल्या आहेत. मॅडम चूक मोठ्यानं वाचतात, आमी ती बरोबर करून लिहितो. मंग मॅडम वही फिरवतात, कोणाची होती ते पाहाले. आमाले वाटे, इंग्रजी फक्त आमचंच चुकते. मोठमोठ्याईचं चुकलं पाह्यलं की भेव जाते."

फळ्याखाली वह्यांचा ढीग होता. सरांना तो आत्ता दिसला. वैष्णवीनं वरची वही त्यांच्या हातात दिली. वीस वर्षांपूर्वीची, फुलचंदची, जो आज चौकात औषधाचं दुकान चालवतो आणि सरांना खुर्ची देतो. माय फादर आर अ फार्मर हे त्याचं होतं. वाक्याभोवती लाल गोल होता, सरांच्या हातचा. खालची वही तलाठी झालेल्या पोराची, तिच्याखालची कोणा नर्सबाईची. पानापानावर सरांचा लाल पेन फिरलेला. पेपरच्या दिवशी ओसरीत पडणाऱ्या या वह्या दरवर्षी रद्दीवाला देवीलाल नेतो, असं सर सव्वीस वर्षं धरून चालले होते. देवीलाल फक्त वर्तमानपत्रं नेत होता. वह्या पद्मजाबाईंनी माळ्यावरच्या धान्याच्या कोठीत ठेवल्या होत्या.

म्हणजे चार दिवस सर भिंतीला कान लावून स्वतःच्याच जुन्या तपासण्या पुन्हा तपासत होते. निदान मी शोधलेल्या चुकांवरच हिचा वर्ग चालला आहे, असं काहीतरी म्हणून वेळ मारून न्यावी असं त्यांच्या ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात ऋतिकनं ढिगाच्या तळातून खाकी कव्हरची एक वही काढली आणि भक्तिभावानं पुढे केली. ही एक नंबरची वही, असं तो म्हणाला. सगळ्यात जास्त चुका हिच्यात. हिच्यावर नाव नाही आणि मॅडमला विचारलं तर मॅडम सांगत नाहीत.

सरांनी वही उघडली. अक्षर तिरकं, नीटस. पाच दिवसांचा अभ्यास, रोज दोन पानं, तारखा अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातल्या. एकही ओळ लाल पेनातून सुटली नव्हती. पाचव्या दिवसाच्या खाली शेरा होता. प्रगती शून्य. घरकामात लक्ष द्यावे. आणि त्याखाली तीच सही, जी मिळाली की इंग्रजी सुटतं. सहाव्या दिवसाचं पान कोरं होतं. त्यावर फक्त तारीख घातलेली होती, तिरक्या अक्षरात.

"कोण होते सर हे?" ऋतिकनं विचारलं. "पास झाले का मंग?"

वैष्णवीनं मान खाली घातली. तिला केव्हाच समजलं असावं. सरांनी पद्मजाबाईंकडे पाहिलं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या, घाबरलेल्याही नव्हत्या. खडू हातात घेऊन पुढचं वाक्य कधी सुरू करता येईल याची वाट पाहत होत्या. सर वॉकर वळवून आत गेले. ते दारापर्यंत पोचायच्या आत वर्ग सुरू झाला होता.

दुपारी पद्मजाबाईंनी नेहमीसारखं ताट वाढलं. सर बराच वेळ वरणभात कालवत बसले. मग त्यांनी विचारलं की ती वही का ठेवलीस.

"तुम्ही एवढा वेळ दिला होता तिले," पद्मजाबाई म्हणाल्या. "सहाव्या दिवशी मी तारीख घालून बसली होती. तुम्ही आलेच नाई."

आणि इंग्रजी कुठे शिकलीस, असं सरांना विचारायचं होतं. विचारलं नाही, कारण उत्तर त्यांना माहीत झालं होतं. भिंत तीच होती. ते सहा आठवडे तिच्या या बाजूला होते, पद्मजाबाई सव्वीस वर्षं. पोळ्या लाटताना, कुकर लावताना तिनं सगळं ऐकलं होतं, आणि कोणती पोरं कुठे अडतात तेही ऐकलं होतं, जे सरांना ओसरीत बसून कधी ऐकू आलं नाही. सरांना शरम वाटली. पण शरमेच्या खाली मत्सर होताच, जसाच्या तसा. उलट आता तो जास्त झोंबत होता, कारण आता तिची एकही चूक हाताशी उरली नव्हती.

सातव्या दिवशी संध्याकाळी सर ओसरीच्या एका टोकाला खुर्ची टाकून बसले. लाल पेनाचं टोपण काढून ठेवलं. पोरं आली. प्रत्येकानं आधी सरांच्या पाया पडून घेतलं, अगदी वाकून, मनापासून. आणि मग एकेक करून सगळी पद्मजाबाईंच्या समोर जाऊन रांगेत उभी राहिली. कोणी ठरवून केलं नव्हतं. कोणाला त्यात काही वेगळं वाटलंही नाही. सर सुखी राहा, सुखी राहा म्हणत होते आणि रांग लांबत होती. उघड्या पेनाचं टोक वाळून चाललं होतं.

पद्मजाबाई एकेक वही पूर्ण चाळून साध्या निळ्या पेनानं सही करत होत्या. सर कधी चाळत नसत, ते फक्त शेवटचं पान मागत. इथे एकेका पोराला दोन-दोन मिनिटं मिळत होती आणि पोरं न कंटाळता उभी होती. सरांनी बराच वेळ पाहिलं. उठून आत जावं, असं त्यांच्या मनात तीनदा आलं. चौथ्यांदा ते पेन खिशात टाकून उठले, पण आत गेले ते उशीखालची शंभर पानी वही घ्यायला. ती घेऊन बाहेर आले आणि वॉकर टेकत रांगेच्या शेपटाला उभे राहिले. त्यांच्यामागे सायकल लावून उशिरा आलेली वैष्णवी आणि आणखी चार पोरी येऊन थांबल्या. ऋतिकनं गडबडून सरांना समोर जायला सांगितलं. सरांनी मान हलवून नको म्हटलं.

पाय ठणकत होता. पुढे नऊ पोरं होती, मग पाच, मग एक. सरांना आश्चर्य वाटलं की आपल्या छातीत धडधडतं आहे. आपल्यासमोर उभ्या राहणाऱ्या पोरांना असं होत असेल, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

पद्मजाबाईंनी वही घेतली. वर पाहिलं नाही. पहिल्या चुकीपासून सुरुवात करून त्या सावकाश पानं उलटत गेल्या. एक्केचाळीस चुका, दिनांकासह. मध्येच एका पानावर थांबल्या आणि वर न पाहताच हात पुढे केला. कशासाठी ते सरांना क्षणभर समजलं नाही. मग समजलं आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातला लाल पेन काढून त्या हातावर ठेवला. पद्मजाबाईंनी तेविसाव्या वाक्याभोवती एक लहानसा गोल काढला. सरांनी वाकून पाहिलं. ते वाक्य मुळात बरोबर होतं, सरांनी चुका मोजण्याच्या भरात ते चुकीत धरलं होतं. त्यांनी मान डोलावली. पद्मजाबाईंनी शेवटचं पान काढलं आणि इंग्रजीत पूर्ण नावाची सही केली. अक्षर तेच, तिरकं, नीटस. सही सरांच्या सहीपेक्षा चांगली होती आणि ते सरांना त्याही अवस्थेत खुपलं.

वही हातात घेऊन ते हलले नाहीत.

"शेरा?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"शेरा मी लिहीत नाई," पद्मजाबाई म्हणाल्या. "सरका जरा. मागं पोरी उभ्या आहेत."

सर सरकले. खुर्चीशी पोचून बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पेन तिकडेच राहिला. पद्मजाबाई त्याच पेनानं वैष्णवीच्या वहीवर सही करत होत्या.